हे जाळायचं कशात?

माहेरच्या घराचा विषय निघाला की आम्हा भावंडांत पहिलं भांडण लाकडांच्या जागेवरून होतं. ताई म्हणते, बंबाच्या ढलप्या मागच्या पडवीत, उखळाच्या शेजारी असायच्या. धाकटा म्हणतो, छे, तिथे करवंट्यांची टोपली. ढलप्या न्हाणीच्या भिंतीला लागून. दोघांचंही खरं असणार, कारण आगोटीला लाकडं भरली की घरातली एकही कोरडी जागा मोकळी राहत नसे. माळ्यावर फाटी, जिन्याखाली फाटी, गोठ्याच्या आढ्याला सुकलेल्या झावळ्या, आणि माळ्याच्या अगदी टोकाला आजीचा खासगी साठा, त्याला कोणी हात लावायचा नाही.

घर तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातलं. १९८१ मध्ये जिल्ह्याचं नाव रायगड झालं, तोवर आम्ही मुली लग्न होऊन पुण्या-मुंबईला गेलोही होतो. मुरूड-श्रीवर्धन पट्ट्यातलं कुठलंही वाडीतलं घर डोळ्यांपुढे आणा: पुढे शेणाने सारवलेलं अंगण, मागे नारळी-पोफळी, विहिरीवर रहाट, आणि मृगाच्या आत उरकायच्या कामांचा डोंगर. घराची शाकारणी, मसाला, पापड-कुरडया, मीठ, आणि लाकडं. यातल्या पापडांवर पुष्कळांनी लिहिलंय. लाकडांवर फारसं कोणी लिहीत नाही, आणि चार महिने घर तर लाकडांवर चालायचं.

तोडायची पौष-माघात, फोडायची फाल्गुन-चैत्रात, वैशाखभर अंगणात उन्हाला टाकायची, आणि पहिल्या सरीआधी छपराखाली. हे वेळापत्रक कोणी कोणाला शिकवलं नाही. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकतं आणि नीट जळायचं तर ते २० टक्क्यांच्या खाली यावं लागतं, हे मी फार उशिरा वाचलं. आजी दोन फाटी घेऊन एकमेकांवर आपटायची. टण्ण वाजली तर आत, भद्द वाजली तर पुन्हा उन्हात. आता या कामाला दोन सुयांचा मीटर मिळतो. तो घ्यायला माझी हरकत नाही. पण आपटून बघायला पैसे पडत नाहीत.

झाडांची पारखही तशीच. सुरू म्हणजे जळणातला राजा. जड, आच धरून ठेवणारा, निखारा नेटका पडणारा. आंबा रोजच्या भाता-आमटीला. ऐन, किंजळ, खैर डोंगराकडून आले तर ते सणासुदीला आणि भात उकडायला राखून ठेवायचे. पांगारा आणि सावर यांचा नुसता भडका, भाताला कढ येईपर्यंत संपूनही जायचे. वड, पिंपळ, उंबर चुलीत घालायचे नाहीत. उंबराच्या समिधा होतात, जळण नाही. बिब्याचं लाकूड चुकून मोळीत आलं तर त्याच्या चिकाने आणि धुरानेही अंगावर उठतं, म्हणून ते ओळखायला आम्हाला लहानपणीच शिकवलेलं. आणि चिंच. चिंच जळते उत्तम, पण फुटत नाही. तिचे तंतू एकमेकांत असे पिळलेले असतात की कुऱ्हाड रुतून बसते. खाटकाचा ओंडका चिंचेचा असतो तो याच गुणामुळे. वर्षानुवर्षं सुरा झेलतो आणि दुभंगत नाही.

चैत्रात लाकडं फोडायला गडी यायचा. खांद्यावर कुऱ्हाड, पिशवीत दोन-तीन लोखंडी पाचरा, आणि आमच्याकडचा घण. अंगणात ओंडक्यांचा ढीग बघून तो आधी पान खायचा आणि मग ओसरीवरच्या आजीला एकच प्रश्न विचारायचा: “आजी, ही जाळायची कशात?”

हा प्रश्न मला तेव्हा अगदी बावळट वाटायचा. लाकूड जाळायचं ते चुलीत, आणखी कशात? पण घरात आगीची तोंडं अनेक होती आणि प्रत्येकाचं माप निराळं. स्वयंपाकाच्या चुलीला मनगटाएवढी, हातभर लांब फाटी. तीन-चार एका वेळी घालायची आणि पुढे सारत राहायची. तांब्याच्या बंबाला वीतभर ढलपी, कारण त्याची नळी अरुंद. जाड लाकूड घातलं की ती कोंदते, धूर होतो आणि पाणी कोमटच राहतं. न्हाणीतल्या पाण्याच्या चुलीला मात्र काहीही चालायचं. तिच्यात गाठींचे, मुळांचे, कोणाच्या बापाला न फुटणारे बुंधे जायचे आणि सकाळभर धुमसत राहायचे. दिवाळीनंतर उकडे तांदूळ करायला अंगणात मोठा हंडा चढायचा, त्याला मांडीएवढे सरळ ओंडके. आजी सांगायची तसे ढीग पडत जायचे. दुपारपर्यंत अंगणात चार जातींची लाकडं चार ठिकाणी, आणि मधे आम्ही पोरं ढलप्या वेचायला.

त्याचं काम बघत बसणं हा आमचा उन्हाळ्यातला सिनेमा होता. तो जोर फार लावायचाच नाही. ओंडका उभा करून त्याच्या तोंडावरची तड बघायचा, गाठ असलेली बाजू खाली करायचा, आणि तडीच्या रेषेतच घाव घालायचा. आंबा दोन घावांत उलगडायचा. जिथे गाठ आडवी, तिथे पाचर. पहिली पाचर रुतली की तिच्या पुढे दुसरी, मग पहिली आपोआप सैल. ओली निलगिरी त्याला आवडायची, सुकलेली नाही; काही झाडं ओली असतानाच फोडून टाकावीत, सुकली की दगड होतात, हे त्याच्याकडून ऐकलेलं. कुऱ्हाडीचा दांडा बाभळीचाच हवा, यावर तो आणि आजोबा एकमताचे होते. बाकी कशावरच नव्हते.

या आठवणींत एक गोष्ट आम्ही सोयीने विसरतो. डोंगराकडची लाकडं आमच्या अंगणात चालत येत नव्हती. कातकरीवाडीवरच्या बाया ती डोक्यावर मोळी करून, उतार उतरून आणायच्या आणि आमच्या घरच्या बायका त्यांच्याशी दोन आण्यांवरून घासाघीस करायच्या. तेव्हा ते कोणाला खटकलं नाही. आज धुराच्या वासाने ज्यांना गहिवरून येतं, त्यांनी त्या मोळीचं वजनही हिशोबात धरावं.

आजीच्या साठ्याचं सांगायचं राहिलं. ती आंब्याची, चांगली वाळलेली, एकसारखी फोडलेली लाकडं होती, आणि ती तिने स्वतःसाठी ठेवली होती. “आषाढात गेले तर ओल्या लाकडांनी तुमचे हाल होतील,” असं ती भाजी निवडता निवडता सांगायची. वाडीतल्या बऱ्याच म्हाताऱ्यांचं असं होतं. त्यात कोणाला अभद्र वाटत नसे. ती बेगमीच होती. प्रत्यक्षात आजी गेली मार्गशीर्षात, कोरड्या हवेत. तो साठा पुढे मोठ्या काकूने आत्याच्या बाळंतपणात पाणी तापवायला संपवला आणि आजीला ते आवडलंच असतं.

लग्न होऊन मी पुण्यात आले, वाड्यातल्या दोन खोल्यांत. तिथे लाकूड वखारीतून यायचं. वखारी बहुतेक कच्छी पटेलांच्या. मोठ्या तराजूवर मणाने वजन. पुढे मणाचे किलो झाले तरी सासूबाई मणातच बोलायच्या. पावसाळ्यात भिजलेलं लाकूड त्याच भावाने घ्यावं लागे, म्हणजे पाण्याचेही पैसे मोजायचे, आणि वजन करताना वखारवाल्याशी रोज तेच तेच बोलणं. बंब तांबट आळीतला, आंघोळीच्या पाण्यावरून बिऱ्हाडकरूंची धुसफूस, आणि जोडीला भुशाची शेगडी. तरुण वाचकांना तिची कल्पना नसेल: शेगडीत मधोमध बाटली उभी करायची, भोवती सॉ मिलमधला भुसा दाबून दाबून भरायचा, बाटली अलगद फिरवून काढायची आणि खालच्या तोंडातून एक फाटं पेटवून सरकवायचं. नीट भरली तर दोन-तीन तास मंद आचेवर डाळ शिजते. भुसा ढिला राहिला की मधेच कोसळून सगळं विझतं. लाकडाचा चुरा हे टाकाऊ नाही, जळणच आहे, हे आमच्या पिढीला सांगावं लागलं नाही.

मग गॅस. मुंबईत बर्मा शेलचा बर्शेन १९५० च्या दशकातच आला होता, इंडेन सुरू झाला १९६५ मध्ये. मध्यमवर्गीय घरांत मात्र “नंबर लावलाय” हे वाक्य कित्येक वर्षं चाललं. सिलिंडर आला त्या दिवशी सासूबाईंनी त्याला हळद-कुंकू लावलं. १४.२ किलोचा तो डबा म्हणजे काय, ते आकड्यात सांगते. किलोभर वाळक्या लाकडात साधारण ४ युनिट विजेइतकी उष्णता असते, किलोभर गॅसमध्ये साडेबाराच्या वर. त्यात साध्या चुलीत बरीचशी उष्णता भांड्याला न लागता जाते, गॅसवर निम्म्याहून जास्त भांड्याला लागते. सगळं धरलं तर एका सिलिंडरमागे दीडशे-दोनशे किलो लाकूड वाचतं. तेवढं तोडणं, वाहणं, फोडणं, वाळवणं, रचणं आणि त्याचा धूर डोळ्यांत घेणं, हे सगळं एका डब्याने संपवलं. म्हणून चुलीवरच्या भाकरीच्या चवीवर कोणी मला ऐकवू लागलं की मी विषय बदलते. चव खरी होती. आईचा मोतीबिंदू आणि काकूचा खोकलाही खरा होता.

गावाकडे मात्र लाकूड गेलं नाही. स्वयंपाक गॅसवर आला आणि आंघोळीचं पाणी बंबावरच राहिलं, अजूनही आहे. वाडीत वर्षभर पडणारी झाडपेड, छाटणी, वाळक्या फांद्या त्यात सहज खपत होत्या. फोडणारे गडी कमी होत गेले, मजुरी वाढत गेली, तरी भागत होतं. ते मोडलं ३ जून २०२० ला.

निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं आणि मुरूड, श्रीवर्धन, दापोलीकडच्या वाड्या दुपारभरात आडव्या झाल्या. पन्नास-पन्नास वर्षांची आंब्याची, फणसाची झाडं उन्मळली, पोफळी मधेच मोडल्या, माड मुळासकट. टाळेबंदी चालू, गडी नाहीत, आणि कित्येक गावांत दिवसच्या दिवस वीज नाही. आमच्या वाडीचे फोटो पुतण्याने नेटवर्क मिळेल तिथून पाठवले, तेव्हा त्यात विहीर कुठली हेच कळेना. पुढचं वर्षभर घरात एकच चर्चा: एवढ्या लाकडाचं करायचं काय? कामाचे बुंधे सॉ मिलवाल्याने नेले. उरलं ते सगळं आमचं.

इथे आमचा अमेरिकेतला चुलतभाऊ चर्चेत उतरला. तो न्यू इंग्लंडमधल्या खेड्यात राहतो, हिवाळ्यात घर लाकडावर तापवतो, आणि लाकडाविषयी आमच्या आजीइतकंच ठासून बोलतो. तिकडे लाकूड ‘कॉर्ड’ने मोजतात: चार फूट रुंद, चार फूट उंच, आठ फूट लांब रास, म्हणजे १२८ घनफूट. ओक दोन-दोन वर्षं वाळवतात. जळण एका भागातून दुसऱ्या भागात न्यायला बऱ्याच ठिकाणी मनाई, कारण २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडलेला अ‍ॅशच्या झाडांचा हिरवा भुंगा लाकडातून पसरतो. आणि फोडायला सगळ्यांकडे हायड्रॉलिक लॉग स्प्लिटर; स्वतःचा नसेल तर शेजारी मिळून दोन दिवस भाड्याने आणतात. त्याने फोनवर चित्रफीत दाखवली. ओंडका रुळावर आडवा ठेवला, दांडा दाबला, पाचर सरकत आली आणि ओंडका निमूट दोन झाला. “वहिनी, पंचवीस टन जोर आहे!” तो म्हणाला.

वहिनी, म्हणजे आता ते घर सांभाळणारी माझ्या थोरल्या भावाची बायको, म्हणाली, “पंचवीस टन राहू दे. मला बंबाला ढलप्या हव्यात. याची फाळकी मी जाळायची कशात?”

गड्याचा हा प्रश्न वहिनीपर्यंत कोणी पोचवला नव्हता. चूल सांभाळणाऱ्या बाईला तो सुचतोच. आणि यंत्र घेताना पहिला प्रश्न हाच असावा, असं माझं ठाम मत झालंय. पुतण्याने मग चांगली चौकशी केली. त्याच्याबरोबर मीही शिकले.

हे यंत्र म्हणजे तीच जुनी पाचर, मागे घणाऐवजी तेल. शाळेत पास्कल शिकलो तोच नियम. खानदेश-विदर्भातल्यांनी जिनिंगच्या आवारात कापसाच्या गाठी दाबणारा प्रेस पाहिला असेल, किंवा मागे उचलली जाणारी ट्रॉली कोणीही पाहिली असेल. तेच बळ इथे आडवं लावलंय. जोर किती, हे दुकानदाराच्या तोंडून ऐकायची गरज नाही. सिलिंडरचा आतला व्यास आणि तेलाचा दाब विचारा. व्यास १०० मिलिमीटर असेल तर दट्ट्याचं तोंड साधारण साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटिमीटर. दाब चौरस सेंटिमीटरला २०० किलो असेल तर गुणाकार पंधरा-सोळा टन. यंत्रावरच्या कागदावर तीस छापले असतील तर तो कागद फाडून चुलीत घालावा.

विजेवर चालणारी लहान यंत्रं पाच-सात टनांची, घरच्या प्लगवर चालतात, आवाज कमी. वीतभर जाडीचा सरळ आंबा त्यांना पुरतो. पण आमच्याकडे वादळानंतर वीजच नव्हती, आणि कोकणात जूनमध्ये ती असेल असं गृहीत धरणारा माणूस कोकणातला नसतो. मग पेट्रोलचं इंजिन, किंवा ट्रॅक्टर असलाच तर त्याच्या मागच्या दांड्यावर चालणारं. चांगल्या यंत्रात पंप दोन टप्प्यांचा असतो: पाचर लाकडाला टेकेपर्यंत भरभर, विरोध लागला की सावकाश पण पूर्ण दाबाने. एकेरी पंपाचं स्वस्त यंत्र दर खेपेला तसंच रेंगाळतं आणि पेट्रोल पीत राहतं. मोठे बुंधे असतील तर यंत्र उभं करता येतं का, ते बघावं. म्हणजे बुंधा उचलावा लागत नाही, लोटून पाचरीखाली आणता येतो. साठीनंतर हा मुद्दा टनांपेक्षा महत्त्वाचा.

हे यंत्र काय करत नाही, तेही ऐका. ते उभं फाडतं, आडवं कापत नाही. त्याच्यावर ठेवायचा ओंडका आधी करवतीने बेताच्या लांबीचा करावा लागतो. तिकडच्या शेगड्यांना सोळा इंची तुकडे चालतात. आमच्या बंबाला वीतभर ढलपी, म्हणजे कापायचं काम जवळजवळ दुप्पट. खरी मेहनत तिथे, फोडण्यात नाही. बारीक ढलप्या तर यंत्रावर करूच नयेत, बोटं पाचरीच्या फार जवळ जातात, त्या कोयत्यानेच. आणि माड. माडाच्या खोडाला वर्षवलयं नसतात, नुसते तंतू. पाचर त्यात शिरते, खोड चेपतं, पिंजतं आणि पाचरीला धरून बसतं, फुटत मात्र नाही. पोफळीचं तेच. आमच्या वाडीत पडलेली निम्मी लाकडं याच दोन जातींची होती. पंचवीस टन तिथेच निकालात निघाले.

धोक्याचं दोन शब्दांत सांगते. यंत्रावर एका वेळी एकच माणूस. अपघात बहुधा एकाने लाकूड धरलं आणि दुसऱ्याने दांडा दाबला की होतात. युरोपी बनावटीच्या यंत्रांत दोन्ही हात दोन दांड्यांवर असल्याशिवाय पाचर हलत नाही, ती सोय कोणी तार बांधून बंद केलेली असेल तर ते यंत्र फुकटही घेऊ नका. तेलाची नळी गळते का, हे हाताने चाचपायचं नाही. त्या दाबाची बारीक चिळकांडी कातडीतून आत घुसते आणि वरून टाचणी टोचल्याएवढंच दिसतं. पुठ्ठा धरून बघायचं. आणि मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींत ट्रॅक्टरला लावलेला फिरता अणकुचीदार शंकू लाकडं फोडताना दिसतो, तो कितीही झटपट असला तरी घरात आणू नये. तो लाकूड आणि धोतराचा सोगा यांत फरक करत नाही.

पुतण्याला मग वाटलं, विषय संपला. तो खरा तिथून पुढे सुरू झाला, कारण वाडीचा प्रश्न ओंडक्यांचा नव्हताच. काटक्या, डहाळ्या, झावळ्या यांचा होता. पूर्वी त्या चुलीत खपायच्या. आता स्वयंपाक गॅसवर, आणि वादळानंतरचा एवढा ढीग एकट्या बंबात संपत नाही; त्या कुजत पडतात किंवा शेवटी पेटवून दिल्या जातात. माड कुजत पडला की त्यात गेंड्या भुंगा अंडी घालतो, आणि तो बाहेर पडतो ते उभ्या माडांचे शेंडे पोखरायला. म्हणजे वादळात वाचलेली झाडं पडलेल्या झाडांमुळे जायची. इथे फांद्यांचा चुरा करणारा चिपर कामाचा.

चिपर किंवा श्रेडर हे आपल्याकडे तसं अनोळखी यंत्र नाही. नाशिककडे द्राक्षांची एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली की काड्यांची कुट्टी करून बागायतदार ओळींमध्येच पसरतात. देशावरच्या घरांत कडबाकुट्टी होतीच. आमच्या पिढीतल्या देशावरच्या मैत्रिणींना कडबाकुट्टी म्हटलं की गावातला एखादा बोटं गेलेला माणूस आठवतो. मळणीयंत्रांनी इतके हात घेतले की १९८३ मध्ये केंद्राला धोकादायक यंत्रांचा कायदा करावा लागला. चिपर त्याच कुळातला आहे, आणि स्प्लिटरपेक्षा मला त्याचीच भीती जास्त. स्प्लिटर सावकाश सरकतो, दांडा सोडला की थांबतो. चिपरची चकती बंद केल्यावरही बराच वेळ फिरत राहते आणि फांदी स्वतःच ओढून घेते. फांदीला पदर, टॉवेल, हातमोज्याची सैल बाही अडकली तर तीही. बाजूला उभं राहायचं, बुंध्याकडचं टोक आधी द्यायचं, अडकलं तर हात घालायचा नाही, आणि चकती पूर्ण थांबून ठिणगीची वायर काढल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. साडी नेसून हे काम करू नये. वहिनीने भावाची जुनी पँट चढवली आणि वाडीला आठवडाभर करमणूक झाली.

निवडताना पुन्हा तोच प्रश्न. नुसत्या आंबा-काजूच्या फांद्या असतील तर पात्यांचा चिपर, आणि शक्यतो ओल्या फांद्याच घाला. वाळल्या की पाती लवकर बोथट होतात. झावळ्या असतील तर पात्यांबरोबर हातोड्या असलेला श्रेडर, कारण झावळीचे दोर नुसत्या पात्यांच्या आसाला गुंडाळून बसतात. ‘चार इंची फांदी घेतो’ असं लिहिलेलं असेल तर रोजच्या कामाला दोन इंच धरा. पाती उलटून वापरता येतात का आणि तालुक्याच्या गावी मिळतात का, हे किमतीच्या आधी विचारा. आणि किनाऱ्यावरच्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं: वाळूतून ओढत आणलेली फांदी आधी झटका. वाळूने पात्यांची धार दिवसभरात जाते.

निघालेला चुरा झाडाच्या आळ्यात वरच्यावर पसरायचा, मातीत मिसळायचा नाही. मिसळला तर कुजताना मातीतला नत्र खातो. बुंध्यापासून हातभर लांब, नाहीतर वाळवीला आपण जेवायला बोलावल्यासारखं होतं. ढीग करून ठेवला तर आतून तापतो, म्हणून वरचेवर उलथायचा, आणि उलथताना गेंड्या भुंग्याच्या अळ्या दिसतात का, ते बघायचं. जो चुरा उरतो तो वहिनी भुशाच्या शेगडीत भरते. ती शेगडी तिने माझ्याकडून मागून नेली; पुण्यात फ्लॅटच्या गॅलरीत तिच्यात मी तुळस लावली होती.

तर आमच्या घराचा निर्णय असा झाला: वाडीतल्या चार घरांनी मिळून श्रेडर घेतला, स्प्लिटर नाही. ओंडके फोडायला अजून गडी मिळतो, आणि त्याला त्याच्या मागणीएवढी मजुरी देणं यंत्राच्या हप्त्यापेक्षा स्वस्त पडतं. ज्यांच्याकडे पर्यटकांच्या खोल्या आहेत आणि रोज दहा-पंधरा जणांचं आंघोळीचं पाणी लाकडावर तापतं, त्यांनी मात्र स्प्लिटरचा विचार जरूर करावा; तोही भागीत. मोठ्या भट्ट्यांच्या भरवशावर लाकडाचा धंदा मांडायला आता जाऊ नये. मुंबईतल्या लाकूड-कोळशावरच्या पावाच्या भट्ट्यांना स्वच्छ इंधनाकडे वळायला उच्च न्यायालयाने २०२५ च्या जानेवारीत सहा महिन्यांची मुदत दिली, वारा त्याच दिशेने आहे. आणि शहरातल्यांनी यंत्र हातात आहे म्हणून सोसायटीतलं झाड छाटायला घेऊ नये; १९७५ च्या कायद्याप्रमाणे आधी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

कोणी घेणारच असाल तर जाहिरातीतल्या मऊ, सरळ, ओल्या लाकडावर जाऊ नका. दुकानात जाताना आपल्या आवारातला एक गाठाळ ओंडका गाडीत टाकून न्या आणि तो त्यांच्या यंत्रावर तुमच्यासमोर फोडून दाखवायला सांगा. चिंचेचा असेल तर उत्तम. दाखवायला तयार नसतील तर पुढच्या दुकानात जा.